ओझ्याच्या वाटेवरची धाव

४ फेब्रुवारी १६७० ची रात्र. कोंढाण्यावरची लढाई संपली आणि गडावरच्या पागेच्या खणांना आग लावण्यात आली. ती आग राजगडावरून दिसली. शिवाजी महाराजांनी ती पाहिली आणि गड हाती आला हे ओळखलं, असं कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत लिहून ठेवलं आहे. दोन्ही गडांमधलं हवाई अंतर पंधराएक किलोमीटरचं. उजेडाने ते पापणी लवायच्या आत कापलं. पण उजेडाला एवढंच सांगता आलं की गड घेतला. तो घेताना तानाजी मालुसरे पडले, ही दुसरी बातमी माणसाच्या पायांनी यायची होती. ती घेऊन जासूद दुसऱ्या दिवशी राजगडावर पोहोचला.

बखरीने त्या जासुदाचं नाव दिलेलं नाही.

सिंहगडाच्या, म्हणजेच कोंढाण्याच्या, कल्याण दरवाज्यात दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं की त्याच्यापुढे पसरलेला मुलूख एका नजरेत येतो. पायाशी कल्याण गाव. पलीकडे विंझर, मार्गासनी, साखर या गावांची भातखाचरं आणि त्यांच्या आसपास वाहणाऱ्या कानंद आणि गुंजवणी. समोर राजगडाच्या तीन माच्या आणि मधोमध बालेकिल्ल्याचा उभा कातळ. त्याच्या उजव्या हाताला तोरण्याचा अजस्र पसारा. गाडीने जायचं तर सिंहगड उतरून खेड शिवापूर, तिथून महामार्गाने नसरापूर, मग वेल्ह्याच्या रस्त्याने मार्गासनी, असा भला मोठा वळसा पडतो. पायवाट मात्र कल्याण दरवाज्यातून सरळ खाली उतरते, खोरं ओलांडते आणि गुंजवण्याच्या बाजूने राजगडाला भिडते.

याच मुलखात डिसेंबरच्या थंडीत शेकडो माणसं धावायला येतात. सिंहगड, राजगड, तोरणा या तीन नावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून शर्यतीचं नाव पडलं आहे ‘एसआरटी अल्ट्रा’. ११ किलोमीटरपासून १०० किलोमीटरपर्यंत तिचे वेगवेगळे पल्ले आहेत. ट्रेल रनिंग हा शब्द मावळात नवा. पण या वाटांवर माणसं धावत आली आहेत ती कित्येक शतकं, आणि त्यांतल्या बहुतेकांनी हौसेने धाव घेतलेली नव्हती. कोणाच्या डोक्यावर मिठाचं ओझं होतं, कोणाच्या कमरेला खलिता होता, कोणाच्या मागे शत्रू होता, तर कोणाला नाही म्हणायची सोयच नव्हती. आज घड्याळ लावून धावणाऱ्यांच्या पायाखाली जी वाट येते, ती अशा पायांनी घडवलेली आहे.

वाटा कुठून जाणार हे मात्र माणसाच्याही आधी दगडाने ठरवलं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरत गेले आणि त्यांचा हा डोंगर झाला. कठीण थर उभा राहिला, ठिसूळ थर झिजला. त्यामुळे सह्याद्री पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. कडा, त्याखाली झाडीचा आडवा पट्टा, पुन्हा कडा, पुन्हा पट्टा. या आडव्या पट्ट्याला मावळात पदर म्हणतात. इथली शहाणी वाट सोंडेवरून चढते, पदराला लागली की आडवी चालते, आणि कडा आडवा आला की नाळ शोधते. नाळ म्हणजे पावसाच्या पाण्याने कड्याला पाडलेली अरुंद, उभी घळ. जिथे नाळही नाही तिथे लाकडाची निसणी लावून माणसं चढायची.

डोंगरात वावरणाऱ्यांचा हा शब्दसंग्रह धावणाऱ्यालाही टाळता येत नाही. धार म्हणजे दोन्ही बाजूंना उतार असलेला अरुंद माथा. तिथे वारा असतो, पाणी नसतं. लवण म्हणजे खोलगट जागा. तिथे पाणी मिळतं, पण पाय रुततो. घसारा म्हणजे सुटी माती आणि खडी. त्यावर उतरताना टाच रोवावी लागते आणि हाताशी कारवीची झुडपं आली तर जीव वाचतो. सगळ्यांत फसवी ती ढोरवाट. गुरांच्या पायांनी पडलेली ही वाट रुंद, मळलेली, अगदी खात्रीची वाटते आणि गवताच्या शेवटच्या तुकड्याशी नेऊन सोडून देते. घड्याळातला उपग्रह रेघ दाखवतो खरा, पण समोरच्या तीन वाटांतली माणसांची कोणती आणि गुरांची कोणती, हे कळायला गावातला कोणीतरी भेटावा लागतो.

पुण्याच्या पश्चिमेला आणि नैऋत्येला नद्यांनी डोंगराचे असे पट्टे कापले आहेत की प्रत्येक नदीचं खोरं म्हणजे एक वेगळं घर. त्यांनाच बारा मावळ म्हणतात. पवन मावळ, आंदर मावळ, नाणे मावळ, मुठे खोरे, मोसे खोरे, कानंद खोरे, गुंजण मावळ, रोहिड खोरे, हिरडस मावळ. नावातच नदी किंवा रान. प्रत्येक खोऱ्याचा देशमुख वेगळा होता. मोसे खोऱ्यात पासलकर, गुंजण मावळात सिलिमकर, हिरडस मावळात बांदल, रोहिड खोऱ्यातल्या कारीला जेधे. शेजारच्या खोऱ्यात जायचं तर मधली धार ओलांडावी लागे, आणि ती ओलांडायची जागा म्हणजे खिंड. लग्नाचं वऱ्हाड, बाजाराचं ओझं, वतनाच्या भांडणातली लाठीकाठी, सगळं त्याच खिंडींतून ये-जा करायचं.

खोऱ्याचं वरचं तोंड घाटमाथ्याला उघडतं आणि तिथून कोकण खाली दिसतं. केळदजवळून मढे घाट आणि उपांड्या घाट उतरतात. त्याहून दक्षिणेला वरंधा. तोरण्याच्या पश्चिमेला मोहरी आणि सिंगापूर या वाड्यांच्या पुढे रायलिंगाचं पठार संपतं तिथे समोर लिंगाण्याचा सुळका उभा ठाकतो आणि बाजूने बोराट्याची नाळ आणि सिंगापूरची नाळ कोकणात कोसळतात. याच वाटांनी मीठ आणि सुकी मासळी वर आली. रुंद घाटांनी बैलांचे तांडे चालले, नाळेने माणसाचं डोकंच ओझं वाहत राहिलं. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये घाटवाटांची यादी आहे. लादलेला बैल कुठून जाऊ शकतो आणि कुठे नुसता पायी माणूस, हे त्यात नोंदलेलं आहे. व्यापाराच्या आणि लष्कराच्या हिशेबाने केलेली ती नोंद आज ट्रेलवर धावणाऱ्यालाही कामाची आहे. बैल जाईल तिथे धावता येतं. पायी माणसाच्या वाटेवर बहुतेक वेळा हात टेकावे लागतात.

मढे घाटाच्या नावाची एक कथा मावळ आणि कोकण दोन्हीकडे सांगतात. तानाजींचा देह त्यांच्या उमरठ गावी नेला तो या घाटाने, म्हणून तो मढे घाट. पावसाळ्यात आता तिथे लक्ष्मी धबधबा बघायला पुण्याहून गाड्यांची रांग लागते. धबधब्याच्या शेजारून खाली उतरणारी जुनी वाट मात्र अजून तशीच आहे, दगडांची, दमवणारी.

राजगड ही पंचवीसेक वर्षं स्वराज्याची राजधानी होती. मुरुंबदेवाच्या डोंगराचा राजगड झाला आणि खोऱ्यातल्या वाटांचं रूपच पालटलं. आतापर्यंत त्या गावाला गाव जोडत होत्या. आता सगळ्या एका डोंगराकडे वळल्या. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्यांना वेगवेगळ्या बाजूंनी वाटा आल्या. पाली दरवाज्याची वाट ऐसपैस, पायऱ्यांची, राजमार्गाच्या थाटाची. गुंजवणे दरवाजा वेगळ्या सोंडेवर. आळू दरवाजा संजीवनी माचीकडून तोरण्याच्या दिशेला. आणि पद्मावती माचीवर एक अरुंद चोर दरवाजा.

किल्ल्याच्या वाटांबद्दल मराठी राज्याचा विचार किती बारीक होता ते रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वाचायला मिळतं. गडाला एकच दरवाजा असणं हा दोष मानला आहे. दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या असाव्यात, त्यांतल्या रोजच्या कामापुरत्या उघड्या ठेवाव्यात, बाकीच्या चिणून टाकाव्यात. गडाकडे येणारी वाट सोपी असेल तर ती मोडावी, झाडी वाढू द्यावी. आपल्याला पळता यावं आणि शत्रूला चालताही येऊ नये, असा हा हिशेब होता. आज गुंजवण्याहून राजगड चढणारे बहुतेक लोक चोर दरवाज्याने चढतात. जी वाट कोणाला दिसू नये म्हणून केली, तिच्यावर आता रविवारी रेलिंगला धरून थांबावं लागतं.

वाट अवघड असण्याची किंमत शत्रूने दोनदा मोजली. १६६५ साली मिर्झाराजा जयसिंगाने पुरंदरला वेढा घातला तेव्हा दाऊदखानाला या खोऱ्यांत पाठवलं. रोहिडा आणि राजगडाच्या पायथ्याची गावं जाळली गेली. गडाला मात्र हात लागला नाही. पुरंदरच्या तहात २३ किल्ले गेले, त्यात कोंढाणाही गेला, पण राजगड आणि तोरणा महाराजांकडेच राहिले. पुढे १७०३ च्या अखेरीस खुद्द औरंगजेब या डोंगरांत आला. तोफा, हत्ती, बाजारबुणगे घेऊन चालणाऱ्या बादशाही लष्करापुढे मावळची पायवाट आली आणि लष्कर वाट फोडत, दगड हटवत रखडत चाललं. फेब्रुवारी १७०४ मध्ये राजगड पडला, मार्चमध्ये तोरणा. किल्ल्यांना फारसी नावं दिली गेली. काही वर्षांतच किल्ले मराठ्यांकडे परत आले आणि ती नावं कागदावरच राहिली.

या खोऱ्यांतल्या माणसांची सर्वांत प्रसिद्ध धाव मात्र या खोऱ्यांबाहेर झाली. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज पन्हाळ्याहून निसटले तेव्हा सोबत होते हिरडस मावळातले बांदल आणि त्यांचे बाजी प्रभू देशपांडे. १२ जुलैची रात्र, आषाढाचा पाऊस, म्हसाई पठारावरचं धुकं आणि चिखल. पालखी खांद्यावर घेऊन ती माणसं विशाळगडाकडे साठेक किलोमीटरच्या वाटेला लागली. घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बांदलांनी पाठलाग अडवला तेव्हा ती रात्रभर धावून आलेली होती. इतिहासाच्या पुस्तकात आपण खिंडीतली लढाई वाचतो. तिच्या आधीची धाव एका ओळीत संपते. नीरेच्या खोऱ्यात, भाताच्या चिखलात वाढलेल्या पायांखेरीज त्या रात्री ती वाट कोणी कापली असती असं वाटत नाही. आज दर जुलैत पन्हाळा ते पावनखिंड पायी जाणाऱ्यांच्या तुकड्या निघतात. दिवसाउजेडी, खांद्यावर पालखी नसताना, बहुतेकांना दोन दिवस लागतात.

लढाया रोज नव्हत्या. निरोप रोज होते. जासूद, हरकारा, कासीद ही नावं मराठी कागदपत्रांत जागोजाग भेटतात. पेशवाईच्या पत्रांत ‘जासूद जोडी’ रवाना केल्याचे उल्लेख येतात. निरोप्या एकटा पाठवायचा नाही, दोघे पाठवायचे. एकाचा पाय मुरगळला, ताप भरला, वाटेत घात झाला, तर कागद दुसऱ्याने न्यावा. घाईचा निरोप असेल तर भाड्याने धावणारे अजुरदार मिळत. अजुरा म्हणजे मजुरी. अंतर मोजायचं ते कोसांत, दिवस मोजायचा तो मजलांत. आजच्या शंभर किलोमीटरच्या शर्यतीत रात्रीच्या टप्प्यात धावपटू सोबत शोधतात, अनोळखी माणसाच्या दिव्यामागे तासन्‌तास धावतात. जासुदांच्या जोडीचं गणित त्यांना कोणी शिकवलेलं नसतं, अंधारात ते आपोआप कळतं.

सरकारी जासुदाला निदान पगार होता. गावकीच्या धावेला तोही नव्हता.

गावाची धाव महार वतनदाराच्या वाट्याला होती. साऱ्याचा पैसा कचेरीत पोचवायचा, सरकारी माणसाचं सामान पुढच्या गावापर्यंत न्यायचं, वाटाड्या म्हणून शिवेपर्यंत सोबत करायची, आणि शिवेवर पुढच्या गावच्या महाराच्या हवाली करायचं. गावात कोणी मेलं तर सोयऱ्याधायऱ्यांच्या गावी सांगावा घेऊन जायचं, मग ते गाव दोन डोंगरांपलीकडे का असेना. पाऊस, रात्र, आजारपण, यांतलं काही आडवं आलेलं चालत नसे. मोबदला म्हणून वतनाची तुटपुंजी जमीन आणि बलुतं. नकार दिला तर तेही बंद आणि वर मार. मावळच्या पायवाटा कोणाला सर्वांत जास्त पाठ होत्या, याचं प्रामाणिक उत्तर हेच आहे. किल्लेदार गडावर राहिला, देशमुख घोड्यावर बसला. खिंडीतला प्रत्येक दगड ओळखीचा झाला तो अनवाणी चालणाऱ्या या माणसाला.

१९ मार्च १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्ती सुचवणारं विधेयक मांडलं. चोवीस तास सरकारची आणि गावाची चाकरी आणि हातात जवळजवळ काहीच नाही, ही व्यवस्था त्यांना मोडायची होती. विधेयक तेव्हा तडीस गेलं नाही. कनिष्ठ गाववतनं कायद्याने रद्द झाली ती १९५८ मध्ये. म्हणजे ज्या काळात गिर्यारोहणाची पहिली मंडळं मुंबईत उभी राहत होती, त्याच काळात या वाटांवरची सक्तीची धाव कायद्याने थांबत होती. हौसेने चालणारे आणि सक्तीने चालणारे एकाच वाटेवर काही वर्षं एकमेकांना सामोरे गेले असतील. त्या भेटीबद्दल कोणी लिहिलेलं नाही, आणि मराठी भटकंतीच्या साहित्यातली ही मोठी पोकळी आहे.

बायकांची वाट याहून वेगळी नव्हती. रायगडावर दूध घालायला आलेली आणि दरवाजे बंद झाल्यावर घरी राहिलेल्या तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेलेली हिरकणी ही दंतकथा असेल. पण डोक्यावर दूधदुभतं घेऊन गड चढणाऱ्या बायका दंतकथा नाहीत. सिंहगड आणि राजगडावर आजही पायथ्याच्या वाड्यांतल्या बायका डोक्यावर मडकी, कळशा घेऊन चढतात आणि दही-ताक विकतात. शहरातला धावपटू वेळ लावून, पाठीवर नळीची पाण्याची पिशवी लावून चढतो. त्याच चढावर ताकाची कळशी न हिंदकळता वर जाते.

मग रस्ते आले. १८३० साली बोरघाटातून चाकांची वाहतूक सुरू झाली आणि १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे धावली. कोकण आणि देश यांच्यातला मालाचा ओघ एका जागी वळला. बैलांचे तांडे बंद पडले, दक्षिणेकडच्या नाळा ओस पडू लागल्या. वाट वापरली नाही की कारवी तिला दोन पावसाळ्यांत गिळते. शिवाय दरड कोसळली की ती मोकळी करायला कोणी येत नाही.

उरलेल्या वाटांपैकी कित्येक पाण्याखाली गेल्या. शेजारच्या मुळा खोऱ्यात टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह पेटला. तरी धरण झालंच. वेळवंडीवर भाटघरचं धरण उभं राहिलं आणि राजगडाच्या दक्षिणेचं खोरं भरलं. आंबी नदीवरचं पानशेतचं धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटलं आणि पुण्याची दाणादाण उडाली. पुढे ते पुन्हा बांधलं गेलं. त्या जलाशयाला तानाजीसागर नाव मिळालं, आणि मोसे नदीवरच्या वरसगावच्या जलाशयाला वीर बाजी पासलकरांचं. अलीकडे गुंजवणीचंही धरण झालं. ज्या खोऱ्यांच्या वाटांनी ही माणसं गेली, त्यांतल्या किती वाटांवर त्यांच्याच नावाचं पाणी उभं आहे. जुनी वाट नदीकाठाने जायची. आता ती पाण्याच्या कडेकडेने, धारेच्या अंगाला सरकली आहे, आणि शर्यतीचा मार्ग आखणाऱ्यालाही तिथूनच रेघ ओढावी लागते.

वाटांना दुसरा जन्म दिला तो पाठपिशवीवाल्यांनी. १९५२ मध्ये स. आ. जोगळेकरांचा ‘सह्याद्रि’ हा ग्रंथ आला आणि डोंगर, नद्या, घाट, किल्ले यांचा एवढा मोठा हिशेब मराठी वाचकाला पहिल्यांदा एकत्र मिळाला. १९५४ मध्ये मुंबईत गिरिविहार ही गिर्यारोहण संस्था सुरू झाली. तळेगाव दाभाड्याला राहणाऱ्या गो. नी. दांडेकरांनी पवनेच्या काठावर आणि राजमाचीवर कादंबऱ्या रचल्या, ‘दुर्गभ्रमणगाथा’ लिहिली, आणि स्वतः तरुणांना घेऊन राजगडावर मुक्काम ठोकले. त्या पुस्तकांनी दोन पिढ्यांना एसटीच्या पहाटेच्या गाडीत बसवलं. हातात सर्वेक्षण विभागाचे नकाशे, पिशवीत डाळतांदूळ, आणि वाट विचारायला वाडीतला म्हातारा. राजगड ते तोरणा ही धारेवरची चाल तेव्हापासून मराठी ट्रेकरचा संस्कार झाली. आळू दरवाज्यातून उतरायचं, धारेवरच्या धनगरांच्या घरापाशी पाणी मागायचं, भुतोंड्याकडे जाणारा रस्ता ओलांडायचा आणि बुधला माचीवरून तोरण्यात शिरायचं. चालत सहा-सात तास.

पुण्यात या चालण्याला हळूहळू वेग आला. जुन्या कात्रज बोगद्याजवळच्या वाघजाईच्या देवळापासून सिंहगडापर्यंतची टेकड्यांची रांग रात्रीत पार करायची चाल पोरांनी रूढ केली. आता तिला सगळे ‘के टू एस’ म्हणतात. एक टेकडी चढली की दुसरी उभी, ती उतरली की तिसरी, आणि सिंहगडावरचा दिवा रात्रभर तेवढाच लांब. दुसरीकडे आतकरवाडीहून सिंहगड रोज चढणाऱ्यांचा एक पंथच तयार झाला. पहाटे पाचला पायथ्याशी, पुणे दरवाज्यात घड्याळ बंद, लिंबूसरबत किंवा ताक, की खाली उतरून कामावर हजर. कालच्यापेक्षा आज किती मिनिटं कमी लागली, या एका प्रश्नातून चालण्याचं धावणं झालं. कोणी परदेशातून खेळ आणून इथे रुजवण्याआधी आतकरवाडीच्या चढाने धावपटू घडवायला घेतले होते.

त्यामुळे गेल्या दशकात सिंहगड-राजगड-तोरण्याची शर्यत सुरू झाली तेव्हा मार्ग नव्याने शोधायचा नव्हता. जासुदाची, ओझेवाल्याची आणि ट्रेकरची वाट एकमेकींना जोडून घ्यायची होती. रात्री दिसतील अशा रिबिनी कारवीला बांधल्या जातात. जिथे खिंड आणि गाव एकत्र येतात तिथे पाणी, मीठ लावलेले बटाटे, केळी, गूळ यांचं ठाणं लागतं, आणि ते ठाणं लागतं त्याच जागी जिथे पूर्वी वाटाड्या बदलत असे, कारण थकलेल्या पायांना थांबावंसं वाटण्याची जागा शतकांनी बदललेली नाही.

धावपटूला डिसेंबर का लागतो हेही इथल्या शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. भात कापून झालेलं असतं, खाचरांत पाणी नसतं, ओढे ओलांडता येतात आणि वाटेवरचं गवत वाळून आडवं झालेलं असतं. मात्र तेच वाळलं गवत घसाऱ्यावर साबणासारखं होतं. दुपारी बाराला तोरण्याचा कातळ तापतो आणि धारेवर थेंबभर सावली मिळत नाही. चढावर कोणीच धावत नाही. गुडघ्यावर हात ठेवून भराभर चालणं हीच तिथली धाव. खरी कसोटी उतारावर लागते. मांड्या भरून येतात, नजर दोन पावलं पुढे ठेवावी लागते. मावळातल्या पोरांना या उतरणीची भीती नसते. गुरांमागे त्यांनी ती लहानपणीच पाठ केलेली असते, आणि साध्या बुटांतही ती शहरातल्या महागड्या बुटांना मागे टाकतात.

गर्दीचं ओझं डोंगरावर पडतंच. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत राजगड आहे. येणाऱ्यांची संख्या वाढली तशी चोर दरवाज्याखालची वाट पावसाळ्यात ओघळासारखी खणली जाऊ लागली आहे. शेकडो पाय वळण टाळून सरळ उतरले की तिथे नवी घळ पडते आणि पुढच्या पावसात माती खाचरात येते. नुकसान होतं ते ज्याच्या खाचरात मुरूम येतो त्याचं. म्हणून वळण न तोडणं, एनर्जी जेलची पाकिटं खिशात परत आणणं, शर्यतीनंतर रिबिनी सोडून नेणं आणि ठाण्यावरचा स्वयंपाक गावातल्या घरांकडे देणं, या साध्या गोष्टींना इथे फार मोल आहे. वापर आणि निगा एकत्र राहिले तर या वाटा टिकतील. मढे घाटाच्या पुढे कारवीत हरवलेल्या वाटांना मात्र ना बैल परत आले ना धावपटू. गावातली सत्तरीतली चार माणसं त्या ओळखतात. ती आहेत तोवर कोणीतरी वही घेऊन त्यांच्यासोबत चालून यायला हवं.

राजगड ते तोरणा या धारेवर भुतोंड्याच्या खिंडीत डांबरी रस्ता आडवा जातो. धावपटू तो चार पावलांत ओलांडतो आणि पुन्हा मातीत शिरतो. खिंडीत उभ्या स्वयंसेवकाच्या हातातल्या कागदावर तेवढ्यात त्याचा क्रमांक आणि वेळ उतरलेली असते. शर्यत संपली की यादी लागते. तीत प्रत्येकाचं नाव असतं, आणि पुढे वेळ, तास, मिनिटं आणि सेकंदांत. या वाटांवर धावणाऱ्यांची नावं अशी लिहून ठेवायला आत्ता कुठे सुरुवात झाली आहे. कोंढाण्याची खबर घेऊन राजगडाकडे निघालेल्या त्या माणसाची वेळ सभासदाने नोंदली, ती दोनच शब्दांत: दुसऱ्या दिवशी.